रूपकुंडातली हाडं कुणाची?

रूपकुंड हे तसं डबकंच. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून साधारण 5,000 मीटरवर. या काठावरून मारलेला दगड त्या काठावर सहज जाईल एवढंच. तिथं जाऊन पुढं कुठलं गाव लागत नाही, चराईला गवत नाही, व्यापाराची वाट नाही. तरी त्याच्या काठावर आणि तळाशी काही शे माणसांची हाडं आहेत.

मी 2018 च्या जूनमध्ये गेलो होतो, इंजिनीअरिंगची शेवटची परीक्षा संपल्यावर. लोहाजंगपासून बेदिनी बुग्यालपर्यंतची वाट ओक आणि बुरांशच्या जंगलातून जाते, मग गालिच्यासारखं गवत. तिथवर सगळे गात असतात. पातर नचौनीच्या पुढं कैलू विनायकाचा चढ लागला की गाणी बंद. शेवटचा टप्पा भगुवाबासाहून. पहाटे, बर्फ कडक असतानाच निघायचं, कारण ऊन चढलं की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. आमचे गाईड वाण गावचे, आम्ही त्यांना भैजी म्हणायचो. ते पुढं कुऱ्हाडीनं बर्फात पायऱ्या खोदत होते आणि आम्ही दहा पावलं चाललो की दोन मिनिटं थांबत होतो. श्वास पुरतच नाही. डोक्यात एकच प्रश्न: बायका आणि म्हातारीकोतारी माणसं इथं आली कशी आणि का?

ही हाडं 1942 मध्ये हरिकिशन मधवाल या वन अधिकाऱ्याच्या नजरेस पडली आणि गाजली. महायुद्धाचे दिवस, त्यामुळे आधी शंका आली जपानी सैनिकांची. पण हाडं जुनी निघाली. मग 1841 मध्ये तिबेटवर चाल करून गेलेल्या जनरल जोरावरसिंगाचं सैन्य, मुहम्मद तुघलकाचं सैन्य असे अंदाज निघाले. सैन्याचा अंदाज बायकांच्या सांगाड्यांपाशी अडतो.

भैजींकडं स्वतःचं उत्तर होतं. कनौजचा राजा जसधवल गर्भार राणीला घेऊन नंदादेवीच्या यात्रेला निघाला, सोबत नाचणाऱ्या बायका. देवी कोपली. पातर नचौनी हे नावच त्या नर्तकींवरून. राजा पुढं गेला आणि कुंडापाशी आकाशातून लोखंडासारखे गोळे बरसले. ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार होतो. पण 2004 च्या सुमारास नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि इतरांनी कवट्या तपासल्या, तेव्हा काहींवर वरून बसलेल्या गोल घावांच्या खुणा होत्या. शस्त्राच्या नव्हेत. चेंडूएवढ्या गारांच्या, असा निष्कर्ष निघाला. त्या उघड्या उतारावर डोकं लपवायला एक खडक नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं.

त्याच वेळी मराठी माणसाचे कान टवकारतील अशी एक बातमी आली. काही नमुन्यांचा डीएनए महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो म्हणे. आमच्या ग्रुपमध्ये दापोलीचा एक मित्र होता. कुंडाच्या काठी एका सपाट दगडावर कुणीतरी हाडं रचून ठेवली होती. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आपलीच माणसं रे." त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं.

पण ती तुलना मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची होती. त्यात अक्षरं साडेसोळा हजार, आणि तो फक्त आईकडून येतो. पूर्ण जिनोम तीन अब्ज अक्षरांचा. आमच्या धंद्यात सांगायचं तर लॉगमधली एक ओळ जुळली म्हणून सगळा सर्व्हर ओळखल्यासारखं झालं. शिवाय पेशवाईआधीच्या कागदपत्रांत कोकणस्थ फारसे दिसत नाहीत, आणि इथं गोष्ट नवव्या शतकाची.

2019 च्या ऑगस्टमध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये 38 जणांच्या पूर्ण जिनोमचा अभ्यास आला आणि सगळ्यांचीच उत्तरं कोलमडली. 23 जण दक्षिण आशियातले, पण एका जातीचे, एका प्रदेशाचे नव्हेत. काळ सातवं ते दहावं शतक, आणि तेही एकाच दिवशी मेलेले नाहीत. म्हणजे राजाची एक यात्रा आणि एक गारपीट एवढ्यानं भागत नाही. यात्रेकरू असणं मात्र शक्य आहे. त्या परिसरातल्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकांतले शिलालेख आहेत आणि दर 12 वर्षांनी निघणारी नंदादेवी राजजात आजही याच वाटेनं जाते. राजजातीत रिंगाळाच्या छत्र्या नेतात. कुंडापाशीही छत्र्यांचे अवशेष सापडलेत.

उरलेल्यांपैकी 14 जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांशी जवळचे. एक आग्नेय आशियातला. यांचा काळ सुमारे 1800, म्हणजे पहिल्यांपेक्षा जवळजवळ हजार वर्षांनंतर! कुमाऊं तेव्हा गोरख्यांच्या ताब्यात होतं, आणि गढवालही 1804 मध्ये गेलं. अशा काळात क्रीटकडची बाया-माणसं हिमालयाच्या या कोपऱ्यात? तपासलेल्यांत कुणी कुणाचं जवळचं नातेवाईकही नव्हतं. मला ही मंडळी सर्वांत जास्त छळतात. पहिल्यांना निदान दंतकथा आहे, छत्री आहे, दर 12 वर्षांनी जवळून जाणारी पालखी आहे. यांच्या नावानं भैजींकडंही गोष्ट नव्हती.

बातमी आल्यावर मी दापोलीच्या मित्राला लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मग मी हात कुणाला जोडले?" मी काहीच लिहिलं नाही.

आम्ही उतरलो त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. गवताच्या दृष्टीनं ते बरंच झालं. वाण-लोहाजंगच्या खेचरवाल्यांचं आणि गाईडचं काय, हा वेगळा लेख होईल. पण 38 जण म्हणजे काही शेंपैकी मूठभर, आणि तपासायची राहिलेली हाडं वर्षानुवर्षं पाठपिशव्यांतून खाली गेलीत. कुणी कवटी हातात धरून फोटो काढला, कुणी बोटाचं हाड आठवण म्हणून नेलं. भैजी सांगत होते, त्यांच्या लहानपणी काठावर पाय ठेवायला जागा शोधावी लागायची. आम्ही त्या सपाट दगडावर मोजली ती अकरा हाडं होती आणि एक कवटी, जबडा नसलेली.