गोळेश्वरचा मल्ल आणि सांगलीचा फलंदाज

इ. स. १९५२ च्या जुलै महिन्यांत कृष्णाकांठचे दोन गृहस्थ युरोपांत होते. एक सांगलीचे, वय सदतीस. दुसरे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे, वय सव्वीस. पहिले हिंदुस्थानच्या क्रिकेट-संघाचे कर्णधार. दुसरे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत नांव मिळविलेले मल्ल. १९ जुलै रोजीं मँचेस्टर येथें विजय हजारे यांचा संघ एकाच दिवसांत दोनदां सर्व बाद झाला. पहिल्यानें ५८ धावांत आणि मग ८२ धावांत. त्यानंतर चारच दिवसांनीं, २३ जुलै रोजीं, हेलसिंकी येथें खाशाबा दादासाहेब जाधव यांनीं कुस्तीचें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र हिंदुस्थानच्या एकट्या खेळाडूनें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. असें दुसरें पदक पाहावयास देशाला १९९६ सालापर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें, वाट पाहावी लागली.

यश एका बाजूस आणि पोटापाण्याची निश्चिती दुसऱ्या बाजूस, असा त्या आठवड्यांतला देखावा होता. ज्यांच्या संघाची नाचक्की झाली त्या हजाऱ्यांना आपल्या खेळावर संसार चालवितां येत होता. ज्यांनीं पदक मिळविलें ते खाशाबा कर्जाचा बोजा डोक्यावर घेऊन परत येणार होते. याची कारणें शोधूं लागलें म्हणजे दोन व्यक्तींच्या दैवापेक्षां आपल्या समाजांतील एका जुन्या व्यवस्थेचा मोड आणि नव्या व्यवस्थेचें अपुरेंपण, हींच अधिक दिसूं लागतात. मुलगा शाळा-कॉलेजांत खेळांत चमकूं लागला कीं घरांत आनंद होतो, परंतु पेढे वाटून होतात न होतात तोंच वडील माणसें विचारतात, "हें सगळें ठीक, पण पुढें काय?" हा प्रश्न अरसिकपणाचा आहे असें तरुणांना वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

मल्लापुरता हा प्रश्न पूर्वीं फारसा अडत नसे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या टापूंत गांवोगांव तालीम होती व आहे. जत्रेच्या दिवशीं मैदान भरावयाचें. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागावयाच्या. मग दिवस कलेल तशी इनामाची रक्कम चढत जावयाची, आणि शेवटीं नांवाजलेल्या दोन जोडींसाठीं हलगी कडाडावयाची. मोठ्या पहिलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई, हा शेतकऱ्याच्या घराला पेलणारा खर्च नव्हे. तो संस्थानिक उचलीत. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभारलें आणि दूरदूरचे मल्ल पदरीं ठेवले. 'धंदेवाईक' हा शब्द त्या मल्लांना कोणी लावला नाहीं. परंतु कुस्ती हाच त्यांचा धंदा होता आणि त्यांत कोणास कमीपणाही वाटत नसे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती खेळलेले. पांच मुलांत हें शेंडेफळ. आखाड्याची माती त्यांना घरांतच मिळाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्यें त्यांचें शिक्षण झालें, तें नेमकें सातारा जिल्हा पेटलेला असतांना. १९४२ च्या चळवळीला तेथें पत्री सरकारचें रूप आलें होतें, आणि भूमिगतांना आसरा देणें, त्यांच्या चिठ्ठ्या पोंचविणें अशीं कामें या शाळकरी मुलानेंही केलीं असें सांगतात. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखालीं कुस्तीचे डाव पक्के झाले आणि मग ते राजाराम कॉलेजांत आले.

येथपासूनची हकीकत जुन्या मल्लांच्या चरित्रांहून निराळी आहे. तालमींतला पहिलवान वस्तादाचा असतो. कॉलेजांतला पहिलवान कॉलेजचा असतो. त्यानें वर्गांत बसावयाचें, परीक्षा द्यावयाची, आणि कॉलेजच्या नांवानें लढावयाचें. खाशाबांची अंगकाठी लहान, म्हणून वार्षिक स्पर्धांत त्यांचें नांव घेण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते. तेव्हां हा मुलगा सरळ प्राचार्यांकडे गेला, परवानगी मिळविली, आणि आपल्याहून थोराड गड्यांना त्यानें आस्मान दाखविलें, अशी गोष्ट सांगितली जाते. पुढें कॉलेजांत गोविंद पुरंदरे यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें. बळापेक्षां चपळाई आणि डावांची विविधता हें त्यांच्या कुस्तीचें वैशिष्ट्य होतें, आणि लहान अंगाच्या मल्लाला तें तसें असल्यावांचून गत्यंतरही नव्हतें.

१९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथें त्यांच्यापुढें पहिला प्रश्न आला तो प्रतिस्पर्ध्याचा नव्हे, तर पायाखालच्या गादीचा. आपल्याकडे कुस्ती मातींत होते. माती पाय धरते, अंगाला लागून पकड घट्ट करते. दोन्ही खांदे जमिनीला लागून गडी चीत झाला म्हणजे निकाल, आणि तो लागेपर्यंत घटका दोन घटका झुंज चालली तरी हरकत नाहीं. गादीवर सारेंच उलटें. वेळ मोजून दिलेली, प्रत्येक डावाला गुण, आणि चीत न करितांही विजय मिळतो. मातींतला मल्ल दमानें खेळतो; गादीवर दमानें खेळणारा हरतो. खाशाबांना या गादीची संवय नव्हती. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनीं त्यांना तेथें शिकविलें, आणि सर्वांत हलक्या वजनाच्या त्या गटांत खाशाबा सहावे आले. जो खेळ आपण लहानपणापासून जाणतों असें वाटत होतें, तो जवळजवळ नव्यानें शिकून तेविसाव्या वर्षीं जगांत सहावें येणें ही गोष्ट आमच्या मतें पुढच्या पदकाहून फार उणी नाहीं.

नंतरचीं चार वर्षें तयारीचीं. वजन वाढलें, म्हणून ५७ किलोंच्या गटांत उतरण्याचें ठरलें. परंतु हेलसिंकीस जावयाचें कोणाच्या पैशानें? संस्थानें विलीन झालीं होतीं. सरकार नवें होतें आणि त्याच्यापुढें शंभर कामें होतीं. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनीं झोळी फिरविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मास्तरानें शिष्यासाठीं पदरमोड करणें आपल्याकडे नवें नाहीं. पण घर गहाण टाकणें ही पदरमोड नव्हे. कुस्तीच्या पैजेवर राहतें घर लावण्यासारखेंच तें होतें, आणि शिष्य हरला असता तरी व्याज थांबणार नव्हतें.

हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरविलें. जपानच्या इशीईशीं मात्र त्यांची हार झाली. त्या इशीईनेंच पुढें सुवर्णपदक नेलें. ती झुंज संपतांच त्यांना रशियाच्या मामादबेकोव्हशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्धा तास विसांवा मिळावयास हवा असा नियम होता. परंतु तो बोलून दाखविण्यास आपल्या पथकांतला एकही अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगितलें जातें. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर राहिले.

परत आल्यावर कऱ्हाडास १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती ओसरल्यावर या पदकवीरानें काय केलें? कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, स्वतः त्यांत उतरले, आणि आलेल्या उत्पन्नांतून खर्डेकरांचें घर सोडवून दिलें. गादीवरचें पदक घेऊन आलेल्या मल्लाला शेवटीं मातीनेंच हात दिला.

येथें एका परदेशी कल्पनेचा विचार केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. त्या काळीं ऑलिंपिकचा दरवाजा केवळ हौशी खेळाडूंना खुला होता. खेळून ज्यानें पैसा घेतला तो बाटला. अमेरिकेचा जिम थॉर्प १९१२ सालीं स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकें जिंकून आला. तो आपल्या शाळेच्या फुटबॉल-संघाचाही मोठा गाजलेला गडी. पण पूर्वीं कधीं तरी किरकोळ रकमेसाठीं तो बेसबॉल खेळला होता हें उघडकीस आलें आणि दोन्ही पदकें काढून घेण्यांत आलीं. तीं त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ सालीं, कुटुंबाच्या हातीं पडलीं. फिनलंडचा पाव्हो नुर्मी याला १९३२ सालीं याच कारणावरून बाहेर ठेवलें. आणि गंमत अशी कीं, १९५२ सालीं हेलसिंकीच्या मैदानांत ऑलिंपिकची ज्योत हातीं घेऊन धावत आला तो हाच बाटलेला नुर्मी! ज्याच्या घरीं खावयास आहे त्यानें हौशी राहावें हें सोपें आहे. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाला हा नियम लावणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचें माहात्म्य सांगणें होय.

क्रिकेटची गोष्ट निराळी. इंग्लंडांत तेथेंही सोंवळें-ओंवळें होतें. हौशी ते 'जंटलमन' आणि पगारी ते 'प्लेयर', हा भेद १९६२ पर्यंत टिकला. पण पगारी खेळाडूला निदान पंक्तीला जागा होती. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस एका शिक्षकाच्या घरीं झाला. तेव्हां सांगली हें पटवर्धनांचें संस्थान. त्याचा जिल्हा व्हावयास १९४९ साल उजाडलें, आणि त्या जिल्ह्याचें नांवही आधीं 'दक्षिण सातारा' असेंच होतें. शिक्षकाच्या घरांत मुलें आठ, तेव्हां हौसेखातर खेळणें या मुलालाही परवडणारें नव्हतें. त्यांना हात दिला तो सातारच्या जहागिऱ्यांपैकीं एक असलेल्या जतच्या संस्थानिकांनीं. त्यांनीं ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला शिकविण्यासाठीं बोलावलें. हजारे दोन्ही हात दूर ठेवून आणि बॅट दोन पॅडांमध्यें धरून उभे राहत. दिसावयास तें ओबडधोबड. पण ग्रिमेटनें त्यांत ढवळाढवळ केली नाहीं असें म्हणतात. गुरूनें काय शिकविलें याइतकेंच त्यानें काय शिकविलें नाहीं यालाही महत्त्व असतें, त्याचें हें उदाहरण.

पुढें बडोद्याच्या गायकवाडांनीं त्यांना पदरीं घेतलें. पोटाची चिंता नसलेला माणूस एकाग्र होऊं शकतो याची साक्ष त्यांच्या धावा देतात. १९४३ सालच्या मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ख्रिस्ती असल्यामुळें ते 'बाकीच्यां'च्या संघांत होते. हिंदूंविरुद्ध त्या संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधु विवेक यांच्याबरोबर त्यांनीं ३०० धावांची भागी केली, तींत विवेक यांचा वांटा २१ चा. १९४७ सालीं होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह केलेली ५७७ धावांची भागी २००६ पर्यंत जगांत अजिंक्य राहिली. १९४८ च्या जानेवारींत ॲडलेडला त्यांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. दुसऱ्या डावांत तर समोरचे सहा गडी शून्यावर परतत होते. १९४९ सालीं बडोदें विलीन झालें. त्याच वर्षीं हजारे लँकेशायरमधील रॉटनस्टॉल या गिरणगांवच्या क्लबांत पगारी खेळाडू म्हणून दाखल झाले. त्या लीगमध्यें क्लबाला एकच पगारी खेळाडू ठेवतां येई, आणि शनिवारीं गिरणी सुटल्यावर कामगार तिकीट काढून त्याला पाहावयास येत. राजाच्या जागीं तिकीट काढणारा प्रेक्षक आला. आश्रय बदलला, तुटला नाहीं.

कुस्तीचा प्रेक्षक कांहीं कमी नव्हता. मैदानाला हजारोंनीं माणूस लोटे. पण त्या गर्दीला बांधून ठेवणारी, वर्षाचें वेळापत्रक आणि ठराविक वेतन देणारी संस्था कोणी उभी केली नाहीं. पुढच्या पिढींत सांगली जिल्ह्यांतूनच गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने असे हिंदकेसरी निघाले. १९६२ सालीं जकार्ताच्या आशियाई सामन्यांतून दोघेही सुवर्णपदक घेऊन आले. माने पुढें राज्यसभेचे सभासदही झाले. परंतु हीं नांवें बोटांवर मोजण्यासारखीं. त्यांच्या मागें खुराकाच्या कर्जांत बुडालेले गडी किती, याची मोजदाद कोणी ठेविली नाहीं.

खाशाबांना १९५५ सालीं मुंबईच्या पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टरची जागा मिळाली. खेळाडूला नोकरी, ही आपल्याकडची नवी राजाश्रयाची पद्धत; तिचा आरंभींचा अनुभव त्यांच्या वांट्यास आला. ते पोलिसांच्या स्पर्धांत जिंकले, तरुणांना शिकवीत राहिले, आणि सत्तावीस वर्षांनीं असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीं त्यांना झगडावें लागलें. हजाऱ्यांना १९६० सालीं पद्मश्री मिळाली आणि २००२ पासून त्यांच्या नांवानें एकदिवसीय सामन्यांचा करंडक सुरू झाला, तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला; २००४ च्या डिसेंबरांत बडोद्यास ते वारले. खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० सालीं दिल्लीच्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचें नांव देण्यांत आलें. गोळेश्वरला त्यांचें घर आहे. त्याचें नांव 'ऑलिंपिक निवास'.