दिवसा अनावर झोप येते? झोपेच्या तपासण्या समजून घ्या

रात्री सात-आठ तास झोपूनही वर्गात, कामावर किंवा जेवतानाही डोळे मिटत असतील, तर त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका. तो आजार असू शकतो.

आधी काय पाहतात?
अपुरी झोप, रात्रपाळी, घोरणे व झोपेत श्वास अडकणे, थायरॉईड, नैराश्य आणि काही औषधे ही नेहमीची कारणे डॉक्टर आधी तपासतात.

नार्कोलेप्सीची शंका केव्हा येते?
जोरात हसताना अचानक गुडघे लुळे पडतात किंवा मान खाली जाते, पण शुद्ध हरपत नाही. झोप लागताना किंवा जाग येताना भास होतात, काही क्षण हातपाय हलवता येत नाहीत. घरच्यांना हे फीट किंवा बाहेरची बाधा वाटते आणि निदान लांबते.

तपासणी कशी होते?
ती एक रात्र आणि पुढचा दिवस चालते.

*रात्री, पॉलिसोम्नोग्राफी:* डोके, छाती व पायांना सेन्सर लावून मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन आणि हालचाली नोंदवतात. यात काही दुखत नाही.

*दिवसा, एमएसएलटी:* दर दोन तासांनी, चार-पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात. प्रत्येक वेळी झोप लागण्यासाठी २० मिनिटे देतात. सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि किमान दोनदा १५ मिनिटांच्या आत स्वप्नांची म्हणजे 'रेम' झोप आली, तर नार्कोलेप्सीची शक्यता बळावते. रात्रीच्या तपासणीत अशी लवकर रेम झोप आली, तर तीही यात मोजतात. एरवी ही झोप साधारण ९० मिनिटांनी येते.

तयारी महत्त्वाची
झोप अपुरी असेल, तर निरोगी माणसाचा रिपोर्टही बिघडलेला दिसू शकतो. म्हणून आधीचे एक-दोन आठवडे पुरेशी झोप घ्या आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहा. तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी व तंबाखू टाळा. नैराश्यावरील काही गोळ्या रेम झोप दाबतात. त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून बंद करू नका.

तोपर्यंत काळजी
निदान आणि उपचार होईपर्यंत गाडी चालवू नका, उंचावर किंवा यंत्रावर काम करू नका. नार्कोलेप्सी सहसा पूर्ण बरी होत नाही, पण औषधे आणि दिवसा ठरलेल्या वेळी घेतलेल्या छोट्या डुलक्या यांमुळे शिक्षण आणि नोकरी सुरू ठेवता येते.