रक्त किती दाट? आधी नळी किती रुंद ते सांगा!

मोशी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये जा, इंजिन ऑइलच्या डब्यावर ग्रेड छापलेला दिसेल. पाइप रुंद असो की अरुंद, ग्रेड तोच. रक्ताला असा एकच ग्रेड देता येत नाही. नळी बदलली की रक्ताचा दाटपणा, म्हणजेच विष्यंदिता किंवा व्हिस्कॉसिटी बदलते.

हिशोब कसा करतात?

फ्रेंच डॉक्टर पॉइझेय यांचा १८४० च्या दशकातला नियम इथे कामी येतो. पाय, दाबातला फरक आणि त्रिज्येचा चौथा घात यांचा गुणाकार करायचा. त्याला ८, नळीची लांबी आणि दर सेकंदाचा प्रवाह यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर म्हणजे त्या नळीतली विष्यंदिता. त्रिज्येच्या चौथ्या घातामुळे नळी निम्मी अरुंद झाली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह १६ पट घटतो.

मग बारीक नळीत रक्त अडत का नाही?

१९३१ मध्ये फोरेउस आणि लिंडक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी दाखवलं की साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त उलट पातळ वागतं. लाल पेशी मधोमध सरकतात आणि कडेला प्लाझ्माचा निसरडा थर उरतो.

प्रीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काचेच्या नळ्यांमधल्या मोजमापांवरून सूत्र दिलं. रक्तात ४५ टक्के पेशी असतील, तर प्लाझ्माच्या तुलनेत दाटपणा असा येतो:

- ३०० मायक्रॉन रुंद नळी: सुमारे ३ पट
- ५० मायक्रॉन: सुमारे २ पट
- १० मायक्रॉन: सुमारे १.३ पट
- ४ मायक्रॉन: पुन्हा सुमारे २.३ पट

लाल पेशी स्वतः ७-८ मायक्रॉनची असते. त्याहून अरुंद वाटेत तिला दुमडून, घासत जावं लागतं.

सिकलसेलमध्ये काय बिघडतं?

हे सगळं पेशी लवचिक आहे असं धरून. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ऑक्सिजन कमी झाला की पेशी कडक, कोयत्यासारखी होते. ती दुमडत नाही, वाट अडवते आणि तीव्र वेदना सुरू होतात. वरचं सूत्र तिथे लागू पडत नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो, म्हणूनच रुग्णांना भरपूर पाणी प्यायला सांगतात.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. आजार आनुवंशिक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आहोत का, हे रक्ततपासणीत कळतं. ती लग्नाआधीच करून घेतलेली बरी.