एका घसरगुंडीचा इतिहास

घसरण्याशी माझा संबंध फार जुना. लहानपणी पावसाळ्यात वाड्यातल्या शेवाळलेल्या फरशीवर मी जितक्या वेळा आडवा झालो, तितक्या वेळा शाळेत बाकावर उभाही राहिलो नसेन. पण त्याबद्दल मला कुणी पदक दिलं नाही. मिळाला तो आईचा धपाटा. त्यामुळे स्वित्झर्लंडातल्या सेंट मॉरिट्झ गावी माणसं मुद्दाम घसरतात आणि सव्वा मिनिट घसरण्यासाठी अडीचशेच्या वर फ्रँक मोजतात, हे ऐकल्यावर ती जागा पाहायचीच, असं मी ठरवून टाकलं.

"अडीचशे फ्रँकांत न्हाणीघराची फरशी नवी होईल," सौ. म्हणाली. "घसरायचंच असेल तर जुनी आहे तोवर घरीच घसरा."

आमची सहल होती जून महिन्यातली. बाकीची मंडळी घड्याळांच्या दुकानांत शिरली आणि मी वाट विचारत विचारत बॉबस्लेच्या मार्गापाशी पोचलो. पाहतो तो काय, समोर नुसतं गवत! झाडीतून खाली उतरत गेलेली एक वळणावळणाची पायवाट, कुठे मातीचा बांध, कुठे दगडाचा आधार. गुरं चारायला उत्तम जागा. तिथे एक म्हातारबुवा कसलीशी डागडुजी करत होते. त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मार्ग कुठाय?"

"वाहून गेला," ते म्हणाले.

"मग आता?"

"नोव्हेंबरात बांधू." घरी आलेल्या पाहुण्याला 'बसा, चहा टाकतो' म्हणावं, तितक्या सहज.

मला अर्थातच फसवल्यासारखं वाटलं. ताजमहाल पाहायला जावं आणि पहारेकऱ्याने 'दिवाळीनंतर या, तेव्हा बांधलेला असेल' म्हणावं, तसली गत! परत आल्यावर रागारागाने या घसरगुंडीचा इतिहास धुंडाळायला बसलो, आणि राग हळूहळू विरघळत गेला.

या इतिहासाच्या मुळाशी एक पैज आहे. सेंट मॉरिट्झला पूर्वी पाहुणे यायचे ते फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकत नसे. तिथल्या कुल्म हॉटेलचे मालक योहानेस बाद्रुट यांनी १८६४ साली निघालेल्या इंग्रज पाहुण्यांना म्हटलं, असं सांगतात, की हिवाळ्यात येऊन तर पाहा. ऊन पडलं नाही तर प्रवासखर्च माझा, आणि आवडलं तर हवं तितकं राहा, माझे पाहुणे म्हणून. इंग्रज नाताळात आले ते ईस्टरपर्यंत हलले नाहीत. (आमच्याकडे अशी पैज कुणी लावली असती, तर ईस्टरलासुद्धा हललो नसतो.)

पण रिकामा पाहुणा ही काय चीज असते, हे यजमानालाच ठाऊक. नुसतं ऊन खाऊन इंग्रज किती दिवस बसणार? त्यांनी गावातल्या पोरांच्या, सामान वाहायच्या घसरगाड्या उचलल्या आणि उतरत्या गल्ल्यांतून सुसाट सुटले. बाजाराला निघालेले गावकरी उड्या मारून भिंतींना चिकटू लागले. तक्रारी झाल्या. तेव्हा १८८४-८५ च्या हिवाळ्यात एकेकट्या घसरणाऱ्यांसाठी 'क्रेस्टा' नावाचा वेगळा बर्फाचा मार्ग तयार झाला. त्यावर माणूस पालथा पडून, डोकं पुढे करून जातो. पुढे कुणीतरी दोन घसरगाड्या फळीने एकमेकींना जोडल्या आणि सगळा गोतावळाच तिच्यावर बसवला. हाच बॉबस्ले! सरळ रस्त्यावर वेग वाढावा म्हणून बसलेली मंडळी एका तालात मागेपुढे डोलत, त्यावरून 'बॉब' हे नाव पडलं म्हणतात. डोलण्याचा उपयोग शून्य, हे पुढे कळलं. नाव मात्र राहिलं.

१८९७ साली या मंडळींचा रीतसर क्लब निघाला. क्रेस्टावर बॉबला जागा नव्हती आणि रस्त्यावर गावकरी सुखाने घसरू देईनात. मग बॉबसाठी स्वतंत्र मार्ग बांधायचं ठरलं आणि १ जानेवारी १९०४ रोजी तो सुरू झाला. सेंट मॉरिट्झपासून शेजारच्या चेलेरिना गावापर्यंत १,७२२ मीटर लांब, उतार १३० मीटरांचा. वेग ताशी १३० किलोमीटरच्या घरात जातो. १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिकं या मार्गाने पाहिली.

१९२८ ची गंमत ऐका. अमेरिकेच्या एका बॉबवर माणसं कमी पडली, म्हणून पॅरिसच्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली. 'पाहिजेत' या सदराखाली आपल्याकडे शिपाई मिळतो, त्यांना ऑलिंपिकवीर मिळाले. तिघेजण जाहिरात वाचून आले. बॉब हाकणारा बिली फिस्क १६ वर्षांचा होता. त्या वर्षी ऐन स्पर्धेत हवा तापली, बर्फ पाघळू लागला आणि चार फेऱ्यांऐवजी दोनच झाल्या. त्या दोन फेऱ्यांत या पोराने सुवर्णपदक मारलं. पुढे हाच फिस्क ब्रिटिश हवाई दलात गेला आणि १९४० च्या ऑगस्टमध्ये, २९ व्या वर्षी, लढाईत कामी आला.

या मार्गावरच्या एका वळणाचं नाव आहे नॅश-डिक्सन. हे दोघे ब्रिटिश. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या बॉबचा एक बोल्ट तुटला. इटलीच्या एउजेनियो मोंतीने स्वतःच्या बॉबचा बोल्ट काढून त्यांना दिला. ते पहिले आले, मोंती तिसरा. आमच्या आळीत कुणी सायकलचा पंप देत नाही, आणि या गृहस्थाने पदक देऊन टाकलं! चार वर्षांनी मोंतीला दोन सुवर्णपदकं मिळाली, तेव्हा मला इथे उगाचच बरं वाटलं.

पण खरी गोष्ट निराळीच आहे. १९६९ मध्ये जर्मनीत क्योनिगसे येथे काँक्रीटचा, यंत्राने गोठवलेला पहिला पक्का मार्ग झाला. मग जिकडेतिकडे पक्के मार्ग आले. दरसाल बर्फ थापत बसण्याची कटकट गेली. आणि झालं काय? सारायेव्होचा मार्ग १९८४ च्या ऑलिंपिकसाठी बांधला. युद्धात त्याच्या आडोशाने तोफा डागल्या गेल्या, आता त्यावर रंगीबेरंगी चित्रं आहेत. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकसाठी चेझानाला दहा कोटी युरोंच्या वर खर्च झाला, आणि पाच-सहा वर्षांत तो मार्ग बंद पडला. २०२६ साठी इटलीने पुन्हा कोर्तिनाला नवा मार्ग बांधला. 'शेजारच्या सेंट मॉरिट्झचा मार्ग वापरा की,' असंही सुचवून पाहिलं गेलं होतं. पण घरच्या लग्नाला शेजाऱ्याचं अंगण कोण घेतो?

हे वाचताना मला आमचा किल्ला आठवला. आम्ही पोरं दर दिवाळीला अंगणात किल्ला करायचो. माती आणायची, गोणपाट भिजवायचं, अळीव पेरायचे, चिखलात कोपरापर्यंत बरबटायचं. एका वर्षी वडिलांना कुठूनसं अर्धं पोतं सिमेंट मिळालं. "दरवर्षीची कटकटच नको," म्हणून त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात पक्का किल्ला बांधून दिला. बुरूज, दरवाजा, सगळं कायमचं. आळी बघायला लोटली. दुसऱ्या दिवाळीला आम्ही तो धुतला, वर शिवाजी ठेवला, आणि पुढे काय करावं ते कुणालाच सुचेना. तिसऱ्या दिवाळीला आईने त्यावर पापड वाळत घातले. आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणात माती कालवत होतो.

सेंट मॉरिट्झचा मार्ग आजही कच्चाच आहे. यंत्राने न गोठवलेला, जगात उरलेला असा हा एकमेव. इटलीतल्या दक्षिण टिरोलातून डझन-दीड डझन कारागीर येतात, बर्फात पाणी कालवतात आणि सुमारे तीन आठवड्यांत फावड्यांनी सगळी वळणं लिंपून काढतात. नाताळच्या सुमारास मार्ग सुरू होतो, मार्चमध्ये बंद. मग ऊन येतं आणि तीन आठवड्यांची मेहनत नाल्यातून वाहून जाते. वळणांना पदकवाल्यांची नावं मिळतात. कारागिरांच्या नावाचं वळण माझ्या वाचनात आलं नाही. पण पदकवाले एकदा येऊन गेले, हे दरसाल येतात. सव्वाशे वर्षांचं त्या मार्गाचं वय म्हणजे या येण्याचीच बेरीज.

एक काळजी मात्र मनातून जात नाही. कारागीर येतील हो. थंडी येईल का? आल्प्समधले हिवाळे ऊबदार होत चाललेत. १९२८ साली हवा तापली ती अपवाद म्हणून. अपवाद रोजचा पाहुणा झाला, तर बाद्रुटसाहेबांची पैज त्यांच्या मागे कोण निभावणार? 'नोव्हेंबरात बांधू' म्हणणारे ते म्हातारबुवा अधूनमधून आठवतात. त्या दोन शब्दांत त्यांनी थंडी गृहीतच धरली होती.

गेल्या दिवाळीत नातवाने बाजारातला तयार किल्ला मागितला. मी त्याला घेऊन मातीचं पोतं आणायला गेलो. दोघांनी अंगणात चिखल कालवला, गोणपाट भिजवलं, आणि बुरुजाला हात घालणार तोच माझा पाय सटकला.

"आजोबा, पुन्हा!" नातू टाळ्या पिटत ओरडला.

सौ. दारात उभी होती. म्हणाली, "बघा, अडीचशे फ्रँक वाचले."