चांदणी, अंडे आणि गंजिफा : पोकेमॉनच्या कोड्यांचा इतिहास

‘पोकेमॉन’ या शब्दाचा अर्थ ‘मी यहुदी आहे’ असा होतो, असा एक मेसेज आमच्या अंजनवेलच्या ग्रुपवर वर्षातून एकदोनदा तरी येऊन जातो. सोबत एका पत्त्याचा फोटो असतो, त्यावरच्या चांदणीभोवती लाल गोल काढलेला असतो आणि खाली लिहिलेले असते की हा मेसेज प्रत्येक मुसलमान पालकापर्यंत पोचवा. मग दोन-तीन दिवस गावात मुलांचे मोबाइल तपासले जातात. चौथ्या दिवशी सगळे विसरतात.

या मेसेजची थट्टा करण्यासाठी हा लेख लिहीत नाही. मूल काय खेळते याची काळजी आईबापांनी करायलाच हवी. पण ज्या गोष्टीची काळजी करायची ती बाजूला राहते आणि चांदणीच्या टोकांची मोजदाद सुरू होते, हे मला खटकते. या खेळात कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी आहेत हे खरेच आहे. त्यांचा माग काढत गेलो तर वाट टोकियोजवळच्या एका गावातून निघून कैरो, लिस्बन आणि चक्क आपल्या सावंतवाडीपर्यंत येते.

नाव आणि किडे

आधी नावाचे पाहू. जपानी लोक ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ हे इंग्रजी शब्द आपल्या उच्चारात म्हणतात आणि लांब नाव तोडून छोटे करतात. खिशातले राक्षस, म्हणजे पोकेमॉन. नावात याहून जास्त काही नाही.

हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मला. टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा भागात लहानपणी तो किडे पकडत फिरायचा. पुढे शेते आणि तळी बुजवून तिथे इमारती आल्या आणि किडे गेले. ताजिरीने आधी ‘गेम फ्रीक’ नावाचे हाताने लिहिलेले मासिक काढले आणि १९८९ साली त्याच नावाची कंपनी स्थापन केली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘लाल’ आणि ‘हिरवा’ असे दोन पोकेमॉन खेळ निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी बाजारात आले.

एकच खेळ दोन रंगांत का काढला, हे पहिले कोडे. कथा तीच, गावे तीच. पण काही प्राणी फक्त लाल खेळात सापडतात, काही फक्त हिरव्यात. एकट्याने कितीही खेळलात तरी संग्रह पुरा होत नाही. शिवाय काही प्राणी असे की ते दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांचे पुढचे रूप येतच नाही. ही ग्राहकाला दोनदा लुटायची युक्ती आहे असे कुणीही म्हणेल आणि धंद्याचा भाग त्यात आहेच. पण गेम बॉयला एक तार जोडता यायची. दोन यंत्रे जोडून दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळावे एवढ्यासाठीच बहुतेक लोक ती वापरत. ताजिरीला त्या तारेवरून किडा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जाताना दिसला. किडे गोळा करणारी पोरे जे करतात तेच त्याने खेळात घातले. तुझ्याकडे नाही ते माझ्याकडे आहे, चल बदलू. त्यासाठी दोघांचे डबे वेगळे असावे लागतात.

‘उत्क्रांती’चा घोटाळा

दुसरे कोडे आपल्या लोकांना जास्त बोचते. खेळातला प्राणी मोठा झाला की त्याचे रूप पालटते आणि इंग्रजीत त्याला उत्क्रांतीचा शब्द वापरला आहे. म्हणजे मुलांना डार्विन शिकवला जातोय, अशी तक्रार. मार्च २००१ मध्ये सौदी अरबच्या उलेमांनी पोकेमॉनचे खेळ आणि पत्ते यांच्यावर बंदीचा फतवा दिला, त्यात उत्क्रांतीचा मुद्दा होता, जुगाराचा होता आणि सहा टोकांच्या चांदणीचाही होता.

पण जीवशास्त्राच्या शिक्षकाला विचारा, तो कपाळाला हात लावील. उत्क्रांती एका प्राण्याच्या आयुष्यात होत नाही, ती असंख्य पिढ्यांतून होते. पोकेमॉनमध्ये मात्र केटरपी नावाची अळी कोश होते आणि कोशातून बटरफ्री नावाचे फुलपाखरू निघते. शाळेच्या पुस्तकात याला रूपांतरण म्हणतात. पावसाळ्यात आपल्या कढीपत्त्याच्या झाडावर हेच होत असते. किडे पाळणाऱ्या मुलाने बनवलेल्या खेळात दुसरे काय असणार? शब्द चुकीचा पडला आणि तो शब्द ऐकून डार्विनचे विरोधकही रागावले आणि समर्थकही. खेळातली अळी मात्र अळीसारखीच वागत राहिली.

प्रत्येक विचित्र गोष्टीमागे हेतूच असतो असेही नाही. पहिल्या खेळात भूत जातीचा मारा मानसिक शक्तीच्या प्राण्यांवर चालतो असे मुलांना सांगितलेले होते. प्रत्यक्षात मात्र तो लागूच पडत नसे. कोडमध्ये चूक राहिली होती, ती १९९९ च्या पुढच्या खेळात दुरुस्त झाली. तोवर मुले आपापल्या परीने त्याचे अर्थ लावत बसली. आपणही पुष्कळदा दुसऱ्याच्या चुकीत कारस्थान शोधतो.

चांदणी, स्वस्तिक आणि अंडे

आता चांदणीकडे येऊ. पत्त्यांवर निरनिराळ्या शक्तींची चिन्हे असतात : ज्वाला, थेंब, पान, वीज. ज्या शक्तीला रंग नाही तिला चांदणीचे चिन्ह दिले आहे. आता सहा टोकांची चांदणी दिसली की इस्रायल आठवते, त्याला आजचे राजकारण कारण आहे. पण दिल्लीला गेलात तर हुमायूनच्या मकबऱ्यावर नजर टाका. तिथे संगमरवरात कोरलेली सहा टोकांची चांदणी आहे. मुसलमान कारागीर शतकानुशतके तिला सुलेमानी शिक्का म्हणत आले. आपलेच चिन्ह आपण ओळखेनासे झालो आणि ते दुसऱ्याच्या मालकीचे ठरवून त्याला घाबरू लागलो.

हा आजार एकट्या मुसलमानांचा नाही. १९९९ साली अमेरिकेत एका जपानी पोकेमॉन पत्त्यावर स्वस्तिक दिसले म्हणून यहुदी पालकांनी तक्रार केली. जपानमध्ये ते बौद्ध देवळाचे चिन्ह, नकाशातसुद्धा देवळाच्या जागी तेच छापतात. हिटलरशी त्याचा संबंध नव्हता. तरीही कंपनीने तो पत्ता बंद केला. म्हणजे इकडे पोकेमॉनवर यहुद्यांचा हस्तक म्हणून आरोप आणि तिकडे नाझींचा! काही अमेरिकी पाद्री त्याला सैतानाचे काम म्हणत होते, तर २००० साली व्हॅटिकनशी जोडलेल्या एका वाहिनीने खेळाची तारीफ केली.

आपल्या देशात गाडी अंड्यावर अडली. २०१६ साली पोकेमॉन गो आला. यात मोबाइल घेऊन खरोखर चालावे लागते. रस्त्यावरच्या ठरावीक ठिकाणी थांबले की वस्तू मिळतात, त्यांत अंडीही असतात. अशी काही ठिकाणे देवळांत आणि देरासरांत निघाली. पवित्र जागी अंडे म्हणजे हिंदू आणि जैन भावनांचा अपमान, अशी जनहित याचिका सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात गेली. तेव्हा हा खेळ भारतात अधिकृतपणे सुरूही झाला नव्हता. तो डिसेंबरमध्ये जिओच्या भागीदारीत आला आणि जिओची दुकानेही खेळातली ठिकाणे बनली.

देवळात अंडे कुणी ठेवले? कुणीच नाही. ही ठिकाणे त्याच कंपनीच्या ‘इन्ग्रेस’ नावाच्या जुन्या खेळातून उचललेली होती आणि त्यातली पुष्कळशी खेळाडूंनीच सुचवली होती. माणसाला ‘तुझ्या भागातले पाहण्यासारखे ठिकाण सांग’ म्हटले की तो देऊळ, मशीद, दर्गा, चर्च, पुतळा हेच सांगणार. अंड्याची कल्पनाही १९९९ च्या खेळापासूनची. पावले मोजली की अंडे उबते, एवढाच तो हिशेब. एक यादी आणि दुसरी यादी यंत्राने जोडली आणि भावना दुखावल्या. त्याच वर्षी सौदीतला २००१ चा फतवा पुन्हा फिरू लागला आणि नवा फतवा काढलेला नाही, असा खुलासा तिथल्या सरकारला करावा लागला.

पत्त्यांचा उलटा प्रवास

या गोष्टीचा जो भाग आपल्या लोकांनी वाचावा असे मला वाटते तो पुढेच आहे. पोकेमॉन विकणारी निन्टेन्डो कंपनी १८८९ साली क्योतो शहरात सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. तिचे पत्ते होते ‘हानाफुदा’, म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिने, प्रत्येक महिन्याचे चार, एकूण ४८. त्यांवर आकडे नाहीत. पत्त्यावर आकडा नाही, हे केवढे कोडे! उत्तर असे की जपानच्या राज्यकर्त्यांनी जुगारामुळे परदेशी पत्त्यांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली आणि कारागिरांनी दर वेळी नवे रूप शोधले. आकडे गेले, फुले आली.

परदेशी पत्ते म्हणजे कुणाचे? पोर्तुगीजांचे. ते १५४३ साली जपानला पोचले. जपानी भाषेत पत्त्यांना अजून ‘करुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द आहे. हेच पोर्तुगीज त्याआधी आमच्या खाडीत येऊन गेले होते. अंजनवेलच्या गोपाळगडावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे दाभोळ दिसते. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाने ते आदिलशाही बंदर जाळले.

आणि पोर्तुगीजांना पत्ते कुठून मिळाले? युरोपात पत्त्यांचे पक्के उल्लेख १३७७ च्या सुमारास सुरू होतात आणि ते आले मुसलमानी मुलखातून. इस्तंबूलच्या तोपकापी महालात मामलुकांच्या इजिप्तमधला एक जोड आहे. त्याचे चार रंग : प्याले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या, म्हणजे पोलोच्या काठ्या. वरचे पत्ते मलिक, नायब आणि दुसरा नायब. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाइपे’ म्हणतात ते या नायबावरून. या पत्त्यांवर राजा आहे, पण राजाचे चित्र नाही, फक्त नाव लिहिलेले आणि भोवती वेलबुट्टी. चित्राविषयीचा संकोच कारागिराने अक्षरांनी सोडवला.

त्याच कुळातली दुसरी फांदी इराणमार्गे हिंदुस्थानात आली, ती गंजिफा. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने बारा रंगांच्या जोडाचे वर्णन केले. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते : ताज, शमशेर, गुलाम, चंग वगैरे. आणि कोकणात, सावंतवाडीच्या चितारांनी हाच खेळ दशावतारी केला. दहा अवतारांचे दहा रंग, १२० गोल पत्ते. दिवसा रामाच्या रंगाने डाव सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

गंजिफातही एक कोडे आहे. निम्म्या रंगांत दहाचा पत्ता मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या रंगांत बरोबर उलटे. खेळणाऱ्याचे डोके फिरते. पण हीच उलटापालट स्पेनच्या जुन्या ‘ओम्ब्रे’ खेळात आहे. सावंतवाडी आणि स्पेन यांनी ती एकमेकांकडून घेतलेली नाही. दोघांचा आजोबा एक असल्याची ती खूण आहे. घराण्यात नाकाची ठेवण चालत यावी तशी ती खेळाच्या नियमात चालत आली. तेव्हा पोकेमॉनचा पत्ता ही आपल्यावर लादलेली परकी गोष्ट आहे असे म्हणणे कठीण आहे. नात्याने लांबचा का होईना, तो आपल्याच घरातून निघालेला आहे.

मग काळजी कशाची करायची?

जुगाराची. सौदी फतव्यातला हा एक मुद्दा ठोस होता आणि नेमका तोच आमच्या मेसेजमधून गळून पडला. पहिल्या पोकेमॉन खेळांत जुगाराचे यंत्र खरोखरच होते. एका शहरात नाणी टाकून फिरवायच्या चाकांचा अड्डा होता आणि त्याच्या तळघरात खेळातल्या खलनायकांचा मुक्काम. २००९ च्या नव्या आवृत्तीत जपानबाहेर ती यंत्रे काढली आणि त्या जागी एक वेगळे कोडे दिले. पण मूळ गोष्ट संपली नाही. पत्त्यांचे पाकीट बंद असते, आत काय निघेल हे पैसे दिल्यावर कळते. २०२४ साली आलेल्या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळातही पाकिटेच फाडायची आहेत. मिळेल की नाही या आशेवर पैसे घालत राहणे याला आपल्या शास्त्रात मैसिर असा जुना शब्द आहे. बंद पाकीट त्यात बसते का, यावर आलिमांनी जरूर बोलावे. ती चर्चा चांदणीच्या टोकांपेक्षा खूप उपयोगाची होईल.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहने बुद्धिबळाबाबत जो बारीक भेद केला तो इथे कामाला येतो. पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम नाही, फार तर मकरूह. म्हणजे जुन्या फकिहांनी सोंगटीचा आकार पाहून निकाल दिला नाही. त्यांनी विचारले की यात पैसा लागतो का, वेळ किती जातो, कर्तव्य सुटते का. हेच तीन प्रश्न आज मोबाइल हातात घेतलेल्या मुलाला विचारता येतील, तेही त्याच्या शेजारी बसून, तो काय खेळतो ते आधी नीट पाहून.

आपल्याला आणखी एका कारणाने ही सवय लावून घ्यायला हवी. उरुसातला हिरवा झेंडा पाहून तो पाकिस्तानचा आहे असा फोटो फिरवणारे लोक या देशात आहेत. तेव्हा आपण म्हणतो, अरे बाबा, आधी विचार तरी, हा झेंडा कुठला, कधीपासूनचा, कशासाठी लावतात! हा आपला हक्क आहे. तोच हक्क माचिदातल्या किडे पकडणाऱ्या पोरालाही आहे.