घोरण्याच्या आजारावरचं श्वासाचं मशीन : सवय कशी लावायची? पहिल्या रात्रीपासून वीज गेल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळी माहिती

बीबी (ता. लोणार) : तपासणी झाली, डॉक्टरांनी लिहून दिलं, पोटाला चिमटा काढून मशीन घरी आणलं. आणि आठ-पंधरा दिवसांत ते खोक्यात बंद होऊन कपाटावर गेलं. ‘स्लीप ॲप्निया’ म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार असलेल्या बऱ्याच घरांत असंच होतं. मशीन खराब नसतं आणि माणूसही हट्टी नसतो. मशीनची सवय कशी लावायची, हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही. ज्यांच्या घरी मशीन आलंय किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

आजार नेमका काय?

‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ असं आपल्याकडे म्हणतात. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नसतं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट त्यामुळे अरुंद होते किंवा पूर्ण मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकतो आणि माणूस फुस्सकन श्वास घेऊन पुन्हा घोरू लागतो. रात्रभर हेच चालतं आणि त्याला स्वतःला त्यातलं काही कळत नाही. कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला.

श्वास तासाला किती वेळा अडतो, त्या आकड्याला ‘एएचआय’ म्हणतात. मोठ्या माणसांत ५ च्या आत असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र आजार.

आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडखळत असल्याचा अंदाज निघाला. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं, तेव्हाही डॉक्टरांनी छातीच्या संसर्गासोबत याच आजाराचं नाव घेतलं होतं.

ही लक्षणं असतील तर तपासणी करा

- रोज मोठ्यानं घोरणं, मधेच श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं
- सात-आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं
- पारावर, बसमध्ये, जेवल्यावर बसल्या बसल्या डुलकी
- गोळ्या चालू असूनही बीपी आटोक्यात नाही
- रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं
- जाड मान, वाढलेलं वजन

बायकांमध्ये घोरणं कमी आणि थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं जास्त दिसतं. म्हणून ‘कामानं थकली असेल’ असं म्हणून दुर्लक्ष होतं. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल वाढलेले असू शकतात. त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

सुरुवात बीबीच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. बीपी, शुगर, वजन तपासून घ्या आणि पुढची चिठ्ठी मागा. झोपेची तपासणी छातीचे किंवा कान-नाक-घशाचे तज्ज्ञ करून देतात. त्यासाठी आपल्या भागातले लोक जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा अकोल्याला जातात. जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या, कारण डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच माहीत असतात. घोरताना श्वास अडतो तेव्हाचा मोबाईलवर घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओही कामी येतो.

मशीन काय करतं?

या मशीनला ‘सीपॅप’ म्हणतात. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी या उपचाराची माहिती पहिल्यांदा प्रसिद्ध केली. काम साधं आहे. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, गाळतं आणि ठरावीक दाबानं नळीतून मास्कमध्ये सोडतं. त्या दाबामुळे घसा मिटत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसंच हे.

तीन गैरसमज

*‘ऑक्सिजन लागला, म्हणजे आता काही खरं नाही.’* हे ऑक्सिजनचं मशीन नाही आणि व्हेंटिलेटरही नाही. श्वास तुम्हीच घेता, मशीन फक्त वाट उघडी ठेवतं. हे लावून झोपणारी माणसं दिवसा शेती, नोकरी, ड्रायव्हिंग सगळं करतात.

*‘एकदा लावलं की सवय पडते, मग सुटत नाही.’* हे व्यसन नाही. चष्मा काढला की अंधुक दिसतं, म्हणून कोणी चष्म्याला व्यसन म्हणत नाही. मशीन काढलं की जुना त्रास परत येतो, एवढंच.

*‘महिनाभर लावलं की बरं होईल.’* मशीन आजार मुळापासून काढत नाही, लावलेल्या रात्रीपुरता आवरतं. वजन बरंच उतरलं तर काहींचा दाब कमी करता येतो, क्वचित मशीन बंदही होतं. पण ते पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचं.

सवय लावण्याची पद्धत

पहिल्याच रात्री जमलं तर उत्तम, तसंच चालू ठेवा. ज्यांना मास्क लावताच जीव घाबरतो, त्यांनी रात्रीच्या प्रयत्नासोबत दिवसा अशी तालीम करावी :

१. पहिले दोन दिवस : मशीन बंद. मास्क फक्त हातानं नाकावर धरा, पट्टे लावू नका. टीव्ही बघत दहा-पंधरा मिनिटं. काढावासा वाटला तर काढा, पुन्हा धरा.

२. तिसरा-चौथा दिवस : पट्टे लावा, मशीन चालू करा, खुर्चीत बसून राहा. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मिटून नाकानंच श्वास घ्या. तोंड उघडलं की हवा तोंडातून भसकन बाहेर येते आणि गुदमरल्यासारखं वाटतं. ‘मशीननं जीव घाबरतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

३. पाचवा-सहावा दिवस : दुपारी आडवं पडताना लावा. डोळा लागला तर लागू द्या.

४. सातव्या दिवसापासून : रात्री झोपताना लावायचंच. मध्यरात्री जाग आली आणि मास्क निघालेला दिसला, तर चिडू नका, पुन्हा लावा. आज दोन तास, उद्या तीन तास, असं वाढवत चला.

बऱ्याच मशीनमध्ये ‘रॅम्प’ नावाची सोय असते. त्यात हवा आधी हळू येते आणि झोप लागेपर्यंत दाब हळूहळू वाढतो. ती चालू आहे का, हे दुकानदाराला विचारा. पण मूळ दाबाचा आकडा स्वतः बदलू नका.

डॉक्टर साधारणपणे दहापैकी निदान सात रात्री, रोज किमान चार तास वापर झाला की गाडी रुळावर आली असं धरतात. तिथे थांबायचं नाही. झोप तेवढं मशीन, हेच खरं लक्ष्य आहे. पहाटेच्या झोपेत आजार जास्त जोर करतो आणि नेमकं तेव्हाच अनेक जण मास्क काढून ठेवतात.

त्रास आणि उपाय

- हवा बाजूनं निसटते, डोळ्यांवर येते : मास्क बसून नाही, झोपून बसवा. आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. पट्टा करकचून आवळू नका, त्यानं गळती वाढते आणि नाकावर वळ उठतात. तरी निसटत असेल तर मास्कचा साईज चुकलाय. दाट दाढी-मिशी असेल तर नाकपुडीला लागणारा छोटा मास्क विचारा.
- तोंड-घसा कोरडा पडतो : हवेत ओलावा देणारं भांडं, म्हणजे ह्युमिडिफायर, वापरा. तोंड उघडं राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क लागेल.
- नाक चोंदतं : झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, ‘सलाईन ड्रॉप’. नाक मोकळं करणारी औषधी फवारणी डॉक्टरांना न विचारता रोज वापरू नका.
- पोट फुगतं, ढेकर येतात : हवा गिळली जाते. डावीकडे कूस करा, डोकं थोडं उंच ठेवा. थांबत नसेल तर दाब बदलायला डॉक्टरांना सांगा.
- नळीत पाणी साचून गुडगुड होते : थंडीत हे होतं. नळी पांघरुणातून घ्या, मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मास्कवरची बारीक छिद्रं चिकटपट्टीनं बंद करू नका. सोडलेली हवा तिथूनच बाहेर जाते.

लाईट गेली तर?

गावात हा पहिला प्रश्न. मशीन बंद पडलं की मास्क काढायचा आणि कुशीवर झोपायचं. लाईट आली की पुन्हा लावायचा. एखादी रात्र चुकली म्हणून घाबरू नका, पण रोज चुकू देऊ नका.

ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बहुतेक मशीन साधारण ३० ते ६० वॅट घेतात, म्हणजे छताच्या साध्या पंख्यापेक्षाही कमी. घरातला चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर त्यावर रात्र काढू शकतो. मात्र इन्व्हर्टर ‘साईन वेव्ह’ प्रकारचा असावा. दाब कमी-जास्त होणाऱ्या ठिकाणी स्टॅबिलायझर लावा. रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला शेतात जावं लागत असेल, तर आल्यावर जेवढा वेळ झोपाल, तेवढा वेळ मशीन लावा. दिवस असला तरी.

पाणी, धूळ आणि स्वच्छता

भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, ते मेडिकलमधून घ्या. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी चालणार नाही. बोअरच्या पाण्यानं भांड्यात पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड मिळालंच नाही, तर एखाद-दोन दिवस उकळून गार केलेलं पाणी चालवा. उरलेलं पाणी रोज सकाळी ओता आणि भांडं कोरडं करा.

मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, नळी आठवड्यातून एकदा. सावलीत वाळवा. डेटॉल, फिनेल, गरम उकळतं पाणी नको. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला तेल किंवा बाम लावला की मास्क घसरतो आणि गादी लवकर खराब होते.

सोयाबीन काढणी, थ्रेशर, उन्हाळ्यातली वावटळ, चुलीचा धूर, या सगळ्यात मशीनची जाळी लवकर काळी पडते. दर आठवड्याला बघा. पांढरी कागदी जाळी धुवायची नसते, बदलायची असते.

विकत घेताना

- डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, नुसतं ऑनलाईन बघून घेऊ नका. दाब किती आणि मास्क कोणता, हे चिठ्ठीत असतं.
- आधी काही दिवस भाड्यानं मिळतं का विचारा. वेगवेगळे मास्क दुकानातच झोपून लावून बघा.
- जुनं मशीन घेताना जास्त जपा. आतला फोम झिजण्याच्या धोक्यामुळे फिलिप्स कंपनीनं जून २०२१ मध्ये जगभरातून आपली लाखो मशीन परत मागवली होती. मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.
- आयुष्मान किंवा जनआरोग्य योजनेचं कार्ड असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, मगच पैसे भरा.

गाडी चालवणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. सरळ रस्ता आणि एकसारखा वेग असला की पेंग लवकर येते. हा आजार अंगावर काढणाऱ्या ड्रायव्हरला डुलकी लागल्याचं कळतही नाही. ट्रक, काळी-पिवळी, ट्रॅक्टर, काहीही चालवत असाल तर मशीन नियमित लागून दिवसाची पेंग जाईपर्यंत रात्रीच्या फेऱ्या टाळा. पेंग आली तर गाडी बाजूला सुरक्षित जागी लावा. चहा आणि तंबाखू हा त्यावरचा उपाय नाही.

फरक कधी दिसतो?

काहींना पहिल्याच आठवड्यात सकाळी डोकं हलकं वाटतं, काहींना महिना-दोन महिने लागतात. घोरणं थांबतं, पेंग कमी होते, बीपीलाही थोडी मदत होते. पण बीपी-शुगरच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. मशीन लावून दारू पिऊन झोपणं किंवा मनानं झोपेची गोळी घेणं धोक्याचं आहे. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

मशीनच्या स्क्रीनवर किंवा मोबाईल ॲपवर तीन आकडे दिसतात : किती तास वापरलं, हवा किती निसटली आणि एएचआय. एएचआय साधारण ५ च्या आत यायला हवा. पहिल्या महिन्यात हे आकडे डॉक्टरांना दाखवाच. कोणतंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मशीनबद्दल आधी सांगा आणि ते सोबत न्या. लग्नाला किंवा देवदर्शनाला मुक्कामी जातानाही पिशवीत घाला.

सतत नाकातून रक्त येणं, कान खूप दुखणं, मशीन लावूनही पेंग न जाणं, असं असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं किंवा जागेपणी दम लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

घरच्यांसाठी

मशीन टिकतं की कपाटावर जातं, हे बरंचसं घरच्यांवर ठरतं. मास्क लावलेल्या बाबांना किंवा आईला बघून पोरं हसली की दुसऱ्या दिवशी ते लावत नाहीत. नातवंडांना आधीच समजावून सांगा. रात्री मास्क सरकला तर हळूच सांगा. पहिले पंधरा दिवस पाणी भरणं, मास्क धुणं कोणीतरी आपल्याकडे घ्या. मशीनचा आवाज हळू पंख्यासारखा असतो. घोरण्यापेक्षा तो नक्कीच बरा, हे शेजारी झोपणाऱ्यालाही लवकरच पटतं.