टोपीतला हात

माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही जत्रेत कुस्तीचा फड बघायला उभं राहा. पैलवानांच्या आधी पंचांची परीक्षा सुरू झालेली असते. लंगोट लावून पोरं रांगेत उभी असतात आणि पंच जोडी लावत असतात. एकाचा दंड दाबून बघतात, दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवतात, कुठल्या तालमीत आहे ते विचारतात, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतात. रेवड्यांवरच्या पोराटकी कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत हेच चालतं. जोड चुकली तर कुस्ती मिनिटात संपते आणि लोक पैलवानाला सोडून पंचालाच बोलतात.

बैलगाड्यांच्या शर्यतीत हेच काम दात करतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत, दोन दात लावलेला दुसा, चार दात लावलेला चौसा, आणि वयाची अट नसलेलं मैदान ते जनरल. आदत वासराला जनरलमधल्या तयार बैलापुढं कोणी जुंपत नाही. शर्यतीआधी बैलाचा जबडा उघडून बघतात तो याचसाठी.

असमान गड्यांचा सामना रंगवायचा तर दोनच वाटा आहेत. एक, सारख्याला सारखा भिडवा. दुसरी, सारखा नसेल तर जबर गड्यावर काहीतरी लादा किंवा दुबळ्याला काहीतरी आगाऊ द्या. पहिली वाट आपल्या फडांनी धरली. दुसऱ्या वाटेचं जगभर चाललेलं नाव म्हणजे हँडिकॅप. आज ते नाव सर्वांत जास्त ऐकू येतं फुटबॉलच्या सट्ट्यात. माळशिरस हा कुस्तीचा आणि खो-खोचा तालुका. फुटबॉलचं मैदान इथं शोधावं लागेल. पण मोबाइल आल्यापासून इंग्लंड-स्पेनमधला सामना अकलूज-नातेपुत्यातही मध्यरात्री बघता येतो, आणि संघांच्या नावापुढचे ‘उणे पाऊण’, ‘अधिक सव्वा’ असे आकडेही त्याच पडद्यावर येऊन आदळतात. त्या आकड्यांचं मूळ मात्र फुटबॉलच्या मैदानात नाही. ते एका बाजारी अदलाबदलीत आहे.

ही अदलाबदल समजायला आपला जनावरांचा बाजार पुरेसा आहे. अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, शेजारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार तर नावाजलेलाच. तिथं जुने हेडी अजूनही भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर येतात, हातांवर टॉवेल किंवा उपरणं पडतं आणि खाली बोटं बोलू लागतात. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. शेकडा की हजार हे दोघांना न सांगता ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. जनावराची बदली करायची असेल तर प्रश्न एकच उरतो: माझा बैल तुला, तुझा मला, पण वर किती? दोन बैलांच्या मोलातला हा फरक मध्यस्थानं ठरवायचा आणि दोघांनी मान्य करायचा.

इंग्लंडमध्ये नेमक्या याच ‘वर किती’चा खेळ झाला होता. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड या कवीनं ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये दारूच्या गुत्त्यातला असा एक व्यवहार रंगवला आहे. एक चांभार आपला झगा काढून ठेवतो, एक घोडे राखणारा आपली टोपी, आणि कोणी कोणाला वर काय द्यायचं हे तिसरा माणूस ठरवतो. पुढं या खेळाला ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीतला हात, असं नाव पडलं. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स १८ सप्टेंबर १६६०ला मायटर नावाच्या गुत्त्यात हा खेळ पहिल्यांदा खेळला आणि आपल्याला तो आवडल्याची नोंद त्यानं केली.

१७५४च्या सुमारास हा खेळ घोड्यांच्या शर्यतीत शिरल्याचे नियम छापलेले सापडतात. ते मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. दोन घोडेमालक आणि एक पंच, तिघांनी सारखी रक्कम टोपीत टाकायची. मग पंचानं सांगायचं की कुठल्या घोड्यानं किती वजन वाहायचं. ते ऐकून दोन्ही मालकांनी खिशात हात घालायचा, मूठ मिटून बाहेर काढायची आणि एकदम उघडायची. मुठीत पैसा असेल तर शर्यत मान्य, रिकामी असेल तर अमान्य. दोघांच्या मुठीत पैसा निघाला तर शर्यत पक्की. दोघांच्या मुठी रिकाम्या निघाल्या तर शर्यत मोडली. या दोन्ही वेळी टोपीतले पैसे पंचाचे. पण एकाच्या मुठीत पैसा आणि दुसऱ्याची रिकामी, असं झालं तर शर्यत होत नाही आणि टोपी ‘हो’ म्हणणारा घेऊन जातो.

यातली हुशारी पंचाच्या कमाईत आहे. त्यानं एका घोड्याला झुकतं माप दिलं, तर त्याचा मालक आनंदानं ‘हो’ म्हणेल, दुसरा ‘नाही’ म्हणेल, आणि पंचाची स्वतःची रक्कमही जाईल. वजन इतकं नेमकं सांगावं की दोघांनाही एकसारखं वाटावं, तरच त्याच्या पदरात काही पडणार. निःपक्षपातीपणाची शपथ घ्यायची गरजच नव्हती. पोटाची सोय निःपक्षपातीपणातच होती.

पुढं दोन घोड्यांची गोष्ट अनेक घोड्यांवर गेली. १७९१मध्ये ॲस्कॉटच्या ओटलंड्स शर्यतीत एकोणीस घोडे वेगवेगळी वजनं घेऊन धावले आणि प्रिन्स ऑफ वेल्सचा बॅरोनेट नावाचा घोडा जिंकला. १८५५पासून ॲडमिरल हेन्री जॉन राउस हा इंग्लंडमधला अधिकृत हँडिकॅपर झाला. वयानुसार घोड्यानं किती वजन वाहावं याचा तक्ता त्यानं बसवला. दुसा-चौसाचाच हा हिशेब, पण आकड्यांत मांडलेला.

महाराष्ट्रात ही पद्धत रेसकोर्सवरून आली. मुंबईचा टर्फ क्लब १८०२चा, पुण्याचं रेसकोर्स १८३०चं, महालक्ष्मीचं १८८३चं. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा शर्यतींचा हंगाम आजही चालतो. इथं प्रत्येक घोड्याच्या कामगिरीला गुण असतात, गुणांवरून वर्ग ठरतो आणि वर्गातल्या घोड्याला वजन मिळतं. तगड्या घोड्याला साठ किलोच्या आसपास, कच्च्याला पन्नासच्या आसपास. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरतात. शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो आणि शर्यतीनंतर पुन्हा. वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही जाते. मनासारखा हँडिकॅप साधला तर सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर यावेत, ही हँडिकॅपरची इच्छा. मात्र एक बदल इथं झालेला होता. टोपीत स्वतःचे पैसे टाकणारा पंच गेला आणि क्लबचा पगारी माणूस आला. पैसे लावणारे आता मैदानाबाहेर होते.

पुढचा बदल अमेरिकेत झाला आणि तो मूलभूत होता. घोड्याच्या पाठीवर शिसं ठेवता येतं, पण बास्केटबॉलच्या संघावर काय ठेवणार? १९४०च्या दशकात शिकागोत चार्ल्स मॅकनील या एकेकाळच्या गणिताच्या शिक्षकानं फरकाचा सट्टा रूढ केला, असं मानलं जातं. खेळाडूंना काहीच करायचं नाही; सामना संपल्यावर कागदावर जबर संघाचे गुण वजा करायचे. ओझं शरीरावरून उतरलं आणि हिशेबात गेलं. त्याचबरोबर एक नवी वाट उघडली. पूर्वी लबाडी करायची तर हरावं लागे. आता जिंकूनही लबाडी करता येऊ लागली, फरक तेवढा कमी ठेवायचा. १९५०मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि १९५१मध्ये त्याच संघातले खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक दाबल्याबद्दल पकडले गेले.

फुटबॉलमध्ये ही पद्धत आणायला दोन अडचणी होत्या. एक, इथं सामना बरोबरीतही सुटतो, म्हणजे निकाल तीन. दोन, गोल फार थोडे होतात. बऱ्याच सामन्यांत दोन-तीनच. बास्केटबॉलमध्ये सात गुण वजा करा किंवा आठ, फार बिघडत नाही. फुटबॉलमध्ये एक गोल वजा केला की सामन्याचा रंगच पालटतो. म्हणून आग्नेय आशियातल्या, मुख्यतः इंडोनेशियातल्या सट्टेवाल्यांनी गोलाचेच तुकडे केले: पाव, अर्धा, पाऊण. तिथं या प्रकाराला ‘हांग चेंग’ म्हणत. नोव्हेंबर १९९८मध्ये जो सॉमरेझ स्मिथ या पत्रकारानं एका इंडोनेशियन बुकीच्या सांगण्यावरून त्याला इंग्रजीत ‘एशियन हँडिकॅप’ असं नाव दिलं आणि तेच जगभर चाललं.

आता त्याचं काम कसं चालतं ते एका हिशेबात बघू. जबर संघावर ‘उणे अर्धा’ असेल तर त्यानं जिंकलंच पाहिजे. बरोबरी झाली तर पैसे गेले. ‘उणे एक’ असेल तर दोन गोलांनी जिंकला पाहिजे. नेमका एका गोलानं जिंकला तर लावलेले पैसे परत. ‘उणे पाऊण’ म्हणजे या दोन्हींची वाटणी. समजा हजार रुपये लावले आणि भाव १.९० आहे, म्हणजे जिंकल्यास मुद्दलासकट रुपयाला एक रुपया नव्वद पैसे. हजारातले पाचशे आपोआप ‘उणे अर्धा’वर जातात, पाचशे ‘उणे एक’वर. संघ दोन गोलांनी जिंकला तर एकोणीसशे हातात येतात. एका गोलानं जिंकला तर पहिल्या पाचशेचे साडेनऊशे आणि दुसरे पाचशे जसेच्या तसे, एकूण साडेचौदाशे. बरोबरी किंवा हार झाली तर हजारही गेले. ‘अधिक पाऊण’ घेणाऱ्याचा हिशेब याच्या नेमका उलटा.

यात बरोबरीचा तिसरा निकाल नाहीसा झाला. दोनच बाजू उरल्या आणि त्या जवळजवळ सारख्या. बघणाऱ्याला वाटतं, हे तर नाणेफेकीइतकं सोपं. सोपं असतं तर भाव दोन असता. दोन्ही बाजूंना १.९० भाव ठेवून दोन माणसांनी हजार-हजार लावले, तर दोन हजार जमा झाले आणि जिंकणाऱ्याला एकोणीसशे गेले. शंभर सट्टा चालवणाऱ्याकडे राहिले, सामना कोणीही जिंको. शंभर वेळा हजार रुपये लावणाऱ्याचे निम्मे अंदाज बरोबर आले, तर पंचेचाळीस हजार मिळतात, पन्नास हजार जातात. नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरात जवळजवळ त्रेपन्न अंदाज खरे ठरावे लागतात.

‘मला फुटबॉल कळतो’ असं म्हणणाऱ्याची फसगत नेमकी इथं होते. कोण जबर, कोणाचा गोलकीपर जखमी, कोणाचं घरचं मैदान, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पण ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते त्या ‘उणे पाऊण’मध्ये आधीच धरलेलं असतं. एका बाजूला पैसा जास्त पडू लागला की ‘उणे पाऊण’चं ‘उणे एक’ होतं. आकडा संघांच्या ताकदीइतकाच जमलेल्या पैशाचाही तोल सांभाळत असतो. जाणकाराच्या जाणकारीची किंमत काढून घेणं हेच हँडिकॅपचं काम आहे.

गुत्त्यातल्या पंचालाही समतोलातच पैसा मिळत होता, मग बिघडलं काय? बिघडलं ते एवढंच की तो पंच चुकला तर त्याची स्वतःची रक्कम जात होती, आणि दोन्ही गडी त्याच्या समोर बसलेले होते. फडातल्या पंचालाही चुकलेल्या जोडीबद्दल लोकांच्या शिव्या समोर उभं राहून खाव्या लागतात. मोबाइलवरचा आकडा कोण ठरवतो हे कोणाला दिसत नाही, आणि ठरवणारा चुकला तरी आकडा हलवून मोकळा होतो.

कायद्याचं सांगायचं तर १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यापासून महाराष्ट्रात सट्ट्याला बंदी आहे. परवाना असलेल्या रेसकोर्सला १९१२च्या कायद्यानं वाट ठेवली, आणि घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य प्रधान आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये म्हटलं. फुटबॉलच्या सट्ट्याला अशी वाट नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायदा त्याला नाडलेला माणूस मानतो.

हँडिकॅप ही माणसानं शोधलेल्या चांगल्या युक्त्यांपैकी एक आहे. तिच्यामुळं म्हातारा घोडा तरण्याबरोबर धावू शकला, गोल्फमध्ये नवखा मुरलेल्याबरोबर खेळू शकला. ज्याला ती शिकायची असेल त्यानं ती फडाच्या कडेला उभं राहून शिकावी आणि फुटबॉलचा सामना फुकट बघावा. दोन्ही बाजू सारख्या करून देणारा माणूस दर वेळी पैसे कमावत असेल, तर उरलेल्यांनी ते दर वेळी गमावलेले असतात.